किल्ली देण्याआधी : मराठवाड्यात दोन-चार खोल्या किरायाने देणाऱ्यांसाठी

किरायाच्या घरातली बहुतेक भांडणं चार गोष्टींवरून होतात : पाणी, लाईट बिल, डिपॉझिट आणि खोली रिकामी करणं. चारही गोष्टी किल्ली देण्याआधी ठरवता येतात. किल्ली दिल्यावर मात्र त्यातली एकही सरळ ठरत नाही, कारण तोवर घर तुमचं असलं तरी ताबा दुसऱ्याचा झालेला असतो. हा लेख ज्यांच्याकडे एक फ्लॅट, वरचा मजला किंवा चार-सहा खोल्या आहेत, किंवा जे आता त्यात पैसे घालायला निघाले आहेत, त्यांच्यासाठी आहे.

आधी हिशेब, मग विसार

समजा २४ लाखांचा वन बीएचके घ्यायचा आहे. शहरात मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे १,४४,०००. नोंदणी फी १ टक्का (कमाल ३०,०००), इथं २४,०००. वकिलाचा शोध अहवाल आणि किरकोळ कागद १२,०००. रंग, वायरिंग, नळ यांना ६०,०००. घर पडलं २६,४०,००० ला. खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी घरावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ती सोडू नका.

आता किराया ८,००० धरू. बारा महिन्यांचा हिशेब करू नका. किरायदार बदलताना एक महिना रिकामा जातोच, म्हणून अकरा महिने : ८८,०००. त्यातून घरपट्टी ५,०००, दुरुस्तीला वर्षाला एक महिन्याचा किराया ८,०००, दर तीन वर्षांनी लागणाऱ्या रंगाचा वार्षिक वाटा ८,०००, टँकर आणि मोटर ४,०००, करारनामा व दलाली २,०००. एकूण खर्च २७,०००, हातात ६१,०००. घातलेल्या पैशावर हे सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर आहे. यातलेच १८ लाख ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्जाऊ काढले, तर हप्ता महिन्याला १६,२०० च्या आसपास येतो. किराया ८,०००, म्हणजे दर महिन्याला आठ हजारांहून जास्त रक्कम खिशातून जाणार. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण रकाने एवढेच ठेवा. एकही रकाना गाळला की हिशेब गोड दिसायला लागतो.

याच पद्धतीने स्वतःच्या जागेवरचा वरचा मजला तपासा. ५०० चौरस फूट, १,८०० रुपये दराने ९ लाख. दोन वेगळ्या खोल्या-किचन, प्रत्येकी ४,५०० किराया, अकरा महिन्यांचे ९९,०००, खर्च २५,०००, उरले ७४,०००. हे ८ टक्क्यांच्या वर जातं, कारण जमिनीला नव्याने पैसा लागला नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : मराठवाड्यातल्या छोट्या मालकाने निव्वळ किरायासाठी फ्लॅट घेऊ नये. फ्लॅट घ्यायचाच असेल तर पुढे जागेचा भाव वाढेल या हिशेबाने घ्यावा, आणि हप्ता पगारातून फिटत असेल तरच. वरचा मजला काढण्याआधी मात्र बांधकाम परवानगी घ्या, आणि पाया किती मजल्यांचा आहे हे गुत्तेदाराला विचारण्यापेक्षा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांनी माणसं दाबून मारली. जुन्या भिंतीवर स्लॅब चढवून कुणाचं कुटुंब त्याखाली झोपवायचं असेल तर हा विचार टाळता येत नाही.

जागेचा कागद

मराठवाड्यातली जमीन निजामी राजवटीतून आलेली आहे, त्यामुळे इथल्या कागदात पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला चटकन न दिसणारे खड्डे असतात. क्रमाने बघा.

पहिलं, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. त्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. तिथं इनाम, मदतमाश, देवस्थान, वक्फ, कूळ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असा शब्द दिसला तर विसार देऊ नका. वर्ग २ ची जमीन परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. वक्फची तर विकताच येत नाही, मग विकणाऱ्याने कितीही पिढ्यांचा ताबा दाखवो. शंका असेल तर १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल काढा. जमीन मुळात कुणाची आणि कुठल्या प्रकारची होती ते तिथं उघड होतं.

दुसरं, अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन. ते नसेल तर जागा बहुधा गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेली आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसवली. विकणारा ‘फाईल टाकली आहे’ म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात घ्या, कारण दाखल केलेल्या अर्जाची पावती म्हणजे मंजुरी नव्हे. त्याशिवाय बहुतेक बँका कर्जाला उभ्या राहत नाहीत.

तिसरं, बॉण्डवरची खरेदी. शंभर किंवा पाचशेच्या बॉण्डवर नोटरी करून प्लॉट घेण्याची पद्धत आपल्या शहरांच्या कडेकडेने अजून सर्रास आहे. त्याने मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला त्या खरेदीचा उतारा) पाहिजेच. मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्या.

चौथी गोष्ट जुन्या वाड्यांची. गुलमंडी, गंजगोलाईसारख्या जुन्या बाजारपेठांतला वाडा घेताना आत कोण राहतं ते स्वतः जाऊन बघा. जुना किरायदार घराबरोबर येतो. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि त्याने जुना कायदा रद्द केला. पण जुन्या भाडेकरूचं संरक्षण संपलं नाही. तो ठरलेला किराया देत असेल तर मालक बदलला म्हणून त्याला उठवता येत नाही, आणि वाढही वर्षाला ४ टक्क्यांची. वाडा स्वस्त मिळतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पाणी

मराठवाड्यात किरायदार आधी ‘पाणी कसं आहे?’ विचारतो, खोलीचा आकार नंतर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी आलं. ज्या गावाने ते पाहिलं तिथला माणूस नळाच्या तोटीवर विश्वास ठेवत नाही, हौद बघतो.

हौद किती मोठा हवा हे अंदाजाने ठरवू नका. जपून वापरणाऱ्या घरात माणशी रोज ९० लिटर धरा. चौघांच्या कुटुंबाला ३६०. नळाला सहा-सात दिवसांआड पाणी येत असेल तर एका कुटुंबाला आठवड्याचे २,५२० लिटर, आणि तीन कुटुंबांना साधारण ७,५०० लिटर. आठ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि पाण्याची उंची पाच फूट अशा हौदात २६० घनफूट, म्हणजे ७,३०० लिटरच्या वर पाणी मावतं. वर अर्धा फूट मोकळा ठेवा. उन्हाळ्यात कूलर रोज आणखी तीस-चाळीस लिटर पितो, तो या हिशेबात नाही.

वरच्या टाकीबाबत दोन गोष्टी पाळा. एक : सगळ्यांना मिळून एक मोठी टाकी बसवू नका. प्रत्येक किरायदाराला ५०० लिटरची वेगळी टाकी आणि वेगळा कॉक द्या. एकाच टाकीत एकाच्या फ्लशचा व्हॉल्व रात्रभर गळला की सकाळी तिघांच्या बादल्या कोरड्या राहतात, आणि दोष कुणाचा हे कधीच ठरत नाही. वेगळ्या टाकीत गळती ज्याची त्यालाच दिसते. दुसरं : १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता खांब आणि बीमच्या वर ठेवा.

टँकरचा खर्च कोणाचा, हे करारात एका ओळीत लिहा. व्यवहारात चालणारी रीत अशी : नळ आणि बोअर चालू असेपर्यंत पाणी किरायात, आणि टँकर लागल्यास खर्च माणशी वाटून. ‘कुटुंबामागे समान’ लिहिलं तर दोघांचं घर आणि सहांचं घर यांच्यात मे महिन्यात कुरबुर ठरलेली. बोअरचं पाणी जड असेल तर नळाच्या तोंडाशी आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. अशा घरात गिझर मालकाने देऊ नये. दिला तर कॉइलचा खर्च कुणाचा ते लिहावं.

वीज

सगळ्यांना मिळून एकच मीटर ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. तीन कुटुंबं प्रत्येकी ९० युनिट वापरत असतील तर वेगळ्या मीटरवर तिघंही पहिल्या, स्वस्त टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर मात्र २७० युनिट मोजले जातात आणि त्यातले १७० दुसऱ्या, बऱ्याच महाग टप्प्यात पडतात. मग तुम्ही सबमीटरवर सरासरी दर लावता, किरायदाराला तो शेजारच्या घरापेक्षा जास्त दिसतो आणि त्याला वाटतं मालक लाईटमध्ये पैसे खातो. वेगळ्या मीटरला स्थिर आकार वेगळा लागतो हे खरं, पण बहुतेक घरांत तरी वेगळा मीटर फायद्याचाच ठरतो, आणि मुख्य म्हणजे भांडण मिटतं. जिना, हौदाची मोटर आणि गेटचा दिवा मालकाच्या मीटरवर ठेवा. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. रोज अर्धा तास चालली तर महिन्याला बारा-पंधरा युनिट. एवढ्यासाठी वाटणीचा वाद घालू नये, किरायात धरून टाकावं.

वायरिंग करताना दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझर किंवा एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक खोलीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. मार्च लागला की प्रत्येक किरायदार पत्र्याचा कूलर आणतो. तो ओल्या फरशीवर उभा असतो, आतला पंप जुना असतो, आणि लहान मूल त्याला हात लावतं. अर्थिंग चांगलं नसेल आणि आरसीसीबी नसेल तर तो पत्रा जीव घेतो. दोन-तीन हजार रुपयांत टळणारा हा मृत्यू आहे, इथं काटकसर करू नका. दर तीन महिन्यांनी आरसीसीबीवरचं ‘टी’ अक्षराचं बटण दाबून बघा. पुरवठा खटकन बंद झाला पाहिजे.

किरायदाराने घरगुती मीटरवर पार्लर, शिलाई किंवा किराणा सुरू केला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. ती थकबाकी त्याच जागेच्या कनेक्शनवर दिसते, म्हणजे शेवटी मालकाच्या गळ्यात येते. ‘जागेचा वापर फक्त राहण्यासाठी’ हे वाक्य म्हणून करारात असू द्या. बिल किरायदाराने भरायचं ठरलं तरी तुमचा मोबाइल नंबर महावितरणकडे जोडून ठेवा, दर महिन्याला मेसेज तुम्हालाही आला पाहिजे.

कोणाला द्यायची

विद्यार्थी, कारखान्याचा कामगार, नोकरदार कुटुंब. तिघांचा हिशेब वेगळा.

लातूर आणि नांदेडमध्ये अकरावी-बारावी आणि ‘नीट’ची मुलं जूनमध्ये येतात आणि मेच्या सुरुवातीला परीक्षा झाली की बॅग भरतात. त्यामुळे दहा महिन्यांचा किराया धरा, मे महिना रंग आणि दुरुस्तीला ठेवा. अकरावीचं मूल सज्ञान नसतं, आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार कायद्यात उभा राहत नाही. करारावर सही आई-वडिलांचीच घ्या. बाहेर पडायला दुसरी वाट, जिन्यात अग्निशामक, खिडक्यांना आतून उघडणारी जाळी, मुलींच्या इमारतीत कॅमेरे फक्त गेट आणि जिन्यापुरते : एवढं नसेल तर मुलं ठेवू नयेत. घर सोडून आलेली सोळा वर्षांची मुलं आहेत ती, आणि त्यांच्या आई-वडिलांनी ती तुमच्या भरवशावर तिथं ठेवलेली असतात. कॉटमागे माणशी किराया घेणाऱ्यांनी जीएसटीची काळजी फार करू नये. माणशी महिना २०,००० पर्यंत आणि सलग ९० दिवसांपेक्षा कमी नसलेल्या मुक्कामाला २०२४ च्या जुलैपासून सूट आहे.

वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या औद्योगिक भागात कामगार भेटतात. किराया वेळेवर येतो, पण कंत्राट संपलं की माणूस आठ दिवसांत गाव सोडतो. इथं डिपॉझिट दोन महिन्यांहून कमी घेऊ नका आणि खोलीत किती माणसं राहणार ही संख्या करारात लिहा. दोघांना दिलेल्या खोलीत पाळीप्रमाणे सहा जण झोपायला लागले की पाणी, संडास आणि शेजारी तिन्ही बिघडतात. ओळखपत्र कारखान्याचं आहे की कंत्राटदाराचं, ते बघा.

जात किंवा धर्म विचारून खोली नाकारण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. ती अन्यायाची आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही निरुपयोगी, कारण आडनावावरून किराया वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. ते कळतं आधीच्या घरमालकाला केलेल्या एका फोनवरून. त्याला दोनच गोष्टी विचारा : शेवटचे सहा महिने किराया कितव्या तारखेला यायचा, आणि सोडताना लाईट बिल भरलं होतं का.

करारनामा

बहुतेकांचा समज असा की अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते. महाराष्ट्रात हे चूक आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत किरायदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

करार ‘भाडेपट्टा’ म्हणून न करता ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे अनुज्ञप्तीचा करा. भाडेपट्ट्यात जागेत हक्क निर्माण होतो, अनुज्ञप्तीत फक्त वापरण्याची परवानगी असते. कलम २४ चं संरक्षण, म्हणजे मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागण्याची सोय, याच करारावर मिळतं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मुदतीतला एकूण किराया, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी मानलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. ९,००० किराया, ११ महिने : ९९,०००. डिपॉझिट २७,०००, त्यावरचं ११ महिन्यांचं व्याज २,४७५. बेरीज १,०१,४७५, शुल्क साधारण २५४ रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण हद्दीत ५००. संगणक आणि एजंटचे पैसे वेगळे. एवढ्याशा रकमेसाठी लोक नोटरीवर थांबतात आणि मग दोन वर्षं कोर्टात जातात.

काम ऑनलाइन होतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जागेचा तपशील, दोन्ही पक्ष, किराया, डिपॉझिट आणि अटी भरायच्या, मसुदा दोघांनी वाचायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, मग आधारशी जुळणारा अंगठा आणि फोटो, दोन ओळखदार, आणि दुय्यम निबंधकाकडे पाठवायचं. अडतं कुठं ते सांगतो. घर क्रमांक किंवा मिळकत क्रमांक घरपट्टीच्या पावतीप्रमाणे टाकला नाही तर दस्त त्रुटी काढून परत येतो. आणि शेतात, भट्टीत, बांधकामावर काम करणाऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही. एकेक बोट पुसून, किंचित ओलं करून बघा. तरीही जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष नोंदणी करा.

छापील मसुद्यात नसतात पण पाहिजेत अशा अटी : किराया कितव्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात, राहणाऱ्या सगळ्यांची नावं, टँकर व मोटरचा खर्च, पोटकिरायदार ठेवायचा नाही, कूलर खिडकीबाहेर बसवायचा तर स्वतःच्या स्टँडवर, पाणी भिंतीवर न ओघळता, नूतनीकरणाला किराया किती टक्के वाढणार, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची लेखी सूचना, डिपॉझिट खोली सोडल्यापासून किती दिवसांत परत, आणि त्यातून काय कापता येईल. ‘नेहमीच्या वापराची झीज कापली जाणार नाही’ हेही लिहा. भिंतीचा रंग तीन वर्षांत उतरतोच, तो किरायदाराच्या डिपॉझिटमधून काढणं बरोबर नाही.

फ्लॅट सोसायटीत असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. समिती जास्त मागत असेल तर लेखी हिशेब मागा.

करार झाला की किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर द्या आणि पोच जपून ठेवा.

किराया, पावती, कर

डिपॉझिट आणि किराया दोन्ही बँकेतून घ्या. रोख घेतलात तर पावती द्या. पावती न देणं हा भाडे नियंत्रण कायद्यात दंडाचा विषय आहे, आणि ती किरायदाराइतकीच तुमच्याही कामाची.

प्राप्तिकरात हे उत्पन्न ‘घर मालमत्तेपासून’ या शीर्षात येतं. वरच्या उदाहरणात ८८,००० मिळाले, भरलेली घरपट्टी ५,००० वजा, ८३,०००. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट २४,९००, उरले ५८,१००. कर्ज असेल तर व्याज त्यातून जातं, पण नव्या करपद्धतीत या शीर्षातला तोटा पगारातून वजा करता येत नाही. घरपट्टी प्रत्यक्ष भरलेल्या वर्षातच वजा होते, म्हणून थकवू नका. खाली गाळा बँकेला किंवा कंपनीला दिला असेल आणि किराया महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर ते टीडीएस कापून देतात.

दुरुस्ती कधी

मे महिन्यात. गच्ची बेचाळीस अंशांत तापते, पहिल्या वळवाच्या सरीने अचानक गार होते, आणि केसासारखी चीर उघडते. ती चीर जूनमध्ये गळायला लागल्यावर मिस्त्री मिळत नाही. गच्चीवर दरवर्षी पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग दिला तर खालची खोली राहण्याजोगी होते. वरच्या मजल्याचा किरायदार एप्रिलमध्ये सोडून जाण्याचं कारण बहुतेक वेळा उकाडाच असतो.

काळ्या मातीवरच्या घराचं दुखणं वेगळं. ती माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसाळ्यात फुगते, त्यासोबत जोत्याजवळची भिंत, चेंबर आणि पाइप हलतात. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करा आणि न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. तिरकी, रुंद होत जाणारी भेग दिसली तर तिच्यावर पेन्सिलने दोन्ही बाजूंना खूण करून तारीख लिहा. दोन महिन्यांत खुणांमधलं अंतर वाढलं तर गिलावा करून झाकू नका, इंजिनिअर बोलवा.

किराया थकला, किंवा खोली सोडत नाही

पहिला महिना थकला की दहाव्या दिवशी लेखी मेसेज पाठवा, आणि भेटून कारण विचारा. आजारपण किंवा पगार अडकला असेल तर दोन हप्ते लेखी ठरवून द्या. दुसरा महिनाही थकला तर डिपॉझिटमधून वळता होतोय अशी नोंदणीकृत टपालाने नोटीस द्या. डिपॉझिट पूर्ण संपेपर्यंत वाट बघणं ही नेहमीची चूक. तीन महिन्यांचं डिपॉझिट असेल तर एक महिना हातात असतानाच निर्णय घ्या, कारण लाईट बिल आणि मोडतोड त्यातूनच निघायची असते.

काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. कुलूप बदलायचं नाही. सामान बाहेर काढायचं नाही. नळ किंवा वीज तोडायची नाही, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये ते स्पष्ट मना आहे. चार पोरं घेऊन दारात उभं राहायचं नाही. यातलं काहीही केलं की ज्याने तुमचे पैसे बुडवले तो तक्रारदार होतो आणि तुम्ही आरोपी.

करार संपल्यावरही राहत असेल तर त्या तारखेनंतर किराया म्हणून पैसे स्वीकारू नका. घेतलेच तर ‘मुदतीनंतरच्या वापराची भरपाई, हक्क राखून’ असं लिहून घ्या. नाहीतर करार पुढे चालू ठेवला असा अर्थ काढता येतो. मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. सोबत नोंदणीकृत करार, नोटीस आणि पोच. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागितली नाही तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत करारातल्या किरायाच्या दुप्पट भरपाई मागता येते. हा मार्ग राहण्याच्या जागेलाच आहे. दुकानाच्या गाळ्यासाठी नेहमीचा दावा लावावा लागतो, म्हणून गाळ्याचा करार वकिलाकडूनच करून घ्या. आणि करार नसून जुना भाडेकरूच असेल, तर थकबाकीसाठी आधी मागणीची नोटीस आणि ९० दिवस, मगच दावा.

किल्ली देताना आणि घेताना

किल्ली देण्याच्या दिवशी किरायदाराला सोबत घेऊन खोलीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा : प्रत्येक नळ उघडून, फ्लश दाबून, पंखे आणि प्लग चालू करून, शहाबादी फरशीची तुटलेली कड दाखवून. मीटरच्या आकड्याचा फोटो वेगळा घ्या. दोन्ही त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख दोघांकडे राहते. पंखे, ट्यूब, किल्ल्या यांची मोजून यादी करा आणि दोघांनी सही करा.

सोडताना तोच व्हिडिओ उघडून तीच फेरी मारा. मीटरचा आकडा टिपा, महावितरणच्या बिलाशी ताडून पाहा, आणि अजून न आलेल्या बिलाचे युनिट मोजून तेवढेच पैसे ठेवा. बाकी डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून परत द्या, कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे कारण लिहून. करार मुदतीआधी संपत असेल तर ताबा मिळाल्याचं आणि हिशेब पूर्ण झाल्याचं दोन ओळींचं पत्र दोघांच्या सहीने करून घ्या. मग दाराच्या कुलपाचा गाभा बदला आणि नव्या किल्ल्या पुढच्या किरायदाराच्या नावाने वेगळ्या पाकिटात ठेवा.